पाच बादल्या, आठ वाफे

सर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सातवीपर्यंतची जिल्हा परिषद शाळा, पटावर साठेक मुलं, इमारतीच्या मागे चार गुंठे पडीक जागा आणि हातात जागतिक आरोग्य संघटनेची दहा जीवनकौशल्यांची यादी. यातल्या प्रत्येक कौशल्यासाठी परसबागेत कोणता उपक्रम घ्यावा आणि त्याचं मूल्यमापन कसं करावं, असं तुम्ही विचारलं आहे.

मी माण तालुक्यात सव्वीस वर्षं शिकवलं, त्यातली एकोणीस वर्षं मुलांबरोबर वाफे केले. माझं पहिलं सांगणं असं की यादी तूर्त कपाटात ठेवा. सोमवारी निर्णयक्षमता, मंगळवारी समानुभूती अशी वाटणी केली की मुलं उपक्रमाला बसतात आणि बाग आपण सांभाळत राहतो. वाफ्यातलं काम खरं असेल आणि त्यातला निर्णय मुलांचा असेल तर ही दहाही कौशल्यं आपापल्या वेळी समोर येतात. बहुतेकदा दोन-तीन एकदम येतात, आणि आपण वेळापत्रकात लिहिलेल्या दिवशी सहसा येत नाहीत.

हे मला पहिल्या वर्षी कळलं नव्हतं. त्या वर्षी वाफे मी आखले, रोपवाटिकेतून वांगी-टोमॅटोची रोपं मी आणली, कोणी कुठे उभं राहायचं तेही मीच सांगितलं. बाग देखणी झाली. तपासणीला आलेल्या साहेबांनी शेरा चांगला दिला. दिवाळीची सुट्टी संपवून आलो तर सगळं वाळून गेलेलं. मला वाईट वाटलं ते त्याचं नाही. बत्तीस मुलांपैकी एकानंही ‘बाई, रोपं का वाळली?’ असं विचारलं नाही. त्यांनी वाळलेल्या काटक्या गोळा केल्या आणि मधल्या सुट्टीत त्याचे स्टंप करून क्रिकेट खेळले. त्या बागेतलं काहीच त्यांचं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी मी वाफे मुलांना दिले. सहावी-सातवीची बत्तीस मुलं, चौघांना एक वाफा, असे आठ वाफे. प्रत्येक वाफा तीन फूट रुंद, सहा फूट लांब. रुंदी तीनच फूट ठेवा, कारण दोन्ही बाजूंनी बसून मुलाचा हात मधोमध पोचला पाहिजे, नाहीतर ती वाफ्यात पाय देतात आणि माती दाबली जाते. मध्ये दीड फुटाची वाट. हे माप मुलांना सांगण्याऐवजी एकदा चार फुटांचा वाफा आखू द्या आणि खुरपं घेऊन बसू द्या. ती आपणहून दोरी पुन्हा ओढतात. गट मात्र तुम्ही पाडा. मैत्रीवर सोडलं तर प्रत्येक वर्गात तीन-चार मुलं उरतात ज्यांना कोणी घेत नाही, आणि ती कोण असतात हे तुम्हाला मला माहीत आहे.

पहिलं पीक लवकर येणारं घ्या. मेथी तीन-चार दिवसांत वर दिसते, महिन्याच्या आत कापणीला येते. मुळा दीड महिन्यात. जूनमध्ये शाळा उघडल्यावर भेंडी आणि गवार टोकली तर ऑगस्टमध्ये तोडणी सुरू होते. वाल, दुधी, दोडका कुंपणावर सोडा, त्यांना वेळ लागतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाला पहिल्याच खेपेला तीन महिने थांबायला लावू नका. थांबणं शिकायचं असतं, पण आधी एकदा पदरात काहीतरी पडलेलं असावं लागतं.

पेरणीच्या आधी बी तपासून घ्या. ओल्या फडक्यात दहा दाणे गुंडाळायचे, चार-पाच दिवसांनी उघडून मोजायचे. दहापैकी सहाच उगवले तर पुढे काय, हे गटानं ठरवायचं: बी बदलायचं, की दाट पेरायचं. टक्केवारी शिकवायला मला याहून चांगला धडा मिळालेला नाही. धने तसेच पेरू नयेत, रगडून दोन फाकी करून रात्रभर भिजवावेत. हे आमच्या शाळेत मी सांगितलं नव्हतं, एका मुलाच्या आजीनं येऊन दाखवलं. गावातल्या अशा आज्या-आजोबांना जरूर बोलवा. मुलं त्यांना प्रश्न विचारतात ते आपल्याला विचारतात त्यापेक्षा खरे असतात.

मग विरळणी येते. मुळ्याचं बी दाटच पडतं. रोपं दोन-तीन पानांवर आली की दोन रोपांत तीन बोटांचं अंतर ठेवून बाकीची उपटावी लागतात. मुलांना हे जिवावर येतं. ‘बाई, जित्तं रोप कसं उपटायचं?’ हा प्रश्न मी दरवर्षी ऐकला. सुरुवातीला मी समजावून उपटायला लावायची. नंतर मी कारण सांगून बाजूला व्हायला लागले. एका वर्षी एका गटानं एकही रोप उपटलं नाही. शेजारच्या गटानं विरळणी केली आणि उपटलेल्या कोवळ्या पाल्याची भाजी शाळेचा आहार शिजवणाऱ्या मदतनीस ताईंकडून करून घेतली. दीड महिन्यानं शेजारच्या वाफ्यात मनगटाएवढे मुळे निघाले आणि या वाफ्यात उंदराच्या शेपट्या. त्या क्षणी शिक्षकाच्या जिभेवर जे वाक्य येतं ते गिळून टाकायचं असतं. मी फक्त वहीत लिहायला सांगितलं. त्यातल्या एका मुलीनं लिहिलं, ‘आम्हाला सगळी जगवायची होती म्हणून एकालाही पोटभर मिळालं नाही.’ पुढच्या खेपेला त्या गटानं विरळणी केली, पण रोपं फेकली नाहीत. जिथं बी उगवलं नव्हतं तिथं ती लावून नांग्या भरल्या. मुळ्याचं रोप असं हलवलं तर बऱ्याचदा वाकडं-फाटकं होतं. तसे काही झालेही. त्यांना चालले.

आता पाण्याचं सांगते. माझ्या शिकवण्यातला सगळ्यात मोलाचा महिना तोच होता, म्हणून जरा सविस्तर.

माण हा पर्जन्यछायेतला तालुका. त्या वर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच शाळेच्या बोअरचं पाणी कमी आलं. पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी बाजूला काढल्यावर बागेला दिवसाला दहा लिटरच्या पाच बादल्या उरायच्या. यात मुलांनी जेवणाआधी-जेवणानंतर हात धुतलेलं पाणीही धरलेलं. वाफ्याला दिवसाआड पाणी दिलं तरी भागतं असे थंडीचे दिवस संपले होते. ऊन तापायला लागल्यावर आमच्या हलक्या जमिनीत वाफ्यामागे रोज एक बादली लागते. हिशेब मुलांनीच फळ्यावर मांडला: आठ वाफे, पाच बादल्या.

मी त्यांना विचारलं, काय करायचं? पहिल्या बैठकीत पाच मिनिटांत ठराव झाला की सगळ्यांना सारखं. प्रत्येक वाफ्याला सव्वासहा लिटर. न्याय्य वाटलं आणि सगळे खूश झाले. आठवड्यानं पालकाची नवी रोपं माना टाकायला लागली, मेथी पिवळी पडली, टोमॅटोची फुलं गळाली. म्हणजे सारखं वाटून सगळ्यांचंच नुकसान होत होतं.

दुसरी बैठक दोन दिवस चालली. ज्यांच्या वांग्याला फळं धरली होती ते म्हणाले, फळावरच्या झाडांना आधी द्या. मेथीवाले म्हणाले, आमची आठ दिवसांत कापणीला येते, आत्ता पाणी तोडलंत तर केलेलं वाया. वालवाल्यांनी मातीत बोट खुपसून दाखवलं की त्यांच्या वाफ्यात अजून ओल आहे, कारण त्यांनी बाजरीचं सरमाड, म्हणजे वाळलेली ताटं, अंथरलं होतं. त्यावर कोणीतरी म्हणालं, मग सगळ्यांनीच का नाही अंथरायचं? इथं मी एकदाच बोलले. विचारलं, ‘बोअर आणखी खाली गेला तर हा ठराव किती दिवस टिकेल?’ बाकी वेळ मी फळ्याजवळ खडू घेऊन उभी होते आणि ती सांगतील ते लिहीत होते. हे उभं राहणं फार अवघड असतं, सर. उत्तर आपल्याला दिसत असतं आणि तोंड मिटून ठेवायचं असतं.

शेवटी ठरलं ते असं. मेथी आणि कोथिंबीर आहे त्या उंचीवर कापून आहारात द्यायची आणि ते दोन वाफे बंद करायचे. नुकता पेरलेला पालक सोडून द्यायचा. उरलेल्या पाच वाफ्यांना रोज एकेक बादली, तीही शाळा सुटताना, उन्हं कलल्यावर, आणि सगळीकडे आच्छादन. वाफे सोडणाऱ्या तीन गटांनी उरलेल्या पाच गटांत सामील व्हायचं आणि भाजी निघाली की सर्वांची धरायची.

पालकाच्या गटातली एक मुलगी त्या दिवशी रडली आणि दोन दिवस कोणाशी बोलली नाही. तिनं बी तपासण्यापासून सगळं मन लावून केलं होतं, चूक तिची काहीच नव्हती. मी तिची समजूत घालायला गेले नाही. तिसऱ्या दिवशी वांग्याच्या गटातल्या दोघांनी तिला बोलावून शेंड्यावरचा मावा दाखवला आणि तो कसा घालवायचा ते विचारलं, कारण निंबोळी अर्क करायची कृती तिच्या वहीत नीट लिहिलेली होती. लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड, रात्रभर भिजवायची, सकाळी गाळून त्यात थोडा साबणाचा चुरा. ती गेली. नंतर वांग्याची पानं उलटून बघताना तिला मावा खाणारे ढालकिडे सापडले, तेव्हा फवारणी दोन दिवस थांबवून बघू असं तिनंच सुचवलं.

आता तुमच्या कपाटातली यादी काढा आणि या महिन्यावर ठेवून बघा. निर्णय, समस्येची सोडवणूक, चिकित्सक विचार, संवाद, नातेसंबंध, समानुभूती, भावनांना आणि ताणाला सामोरं जाणं, दहापैकी आठ तर इथंच आली. मी यातला एकही शब्द मुलांसमोर उच्चारला नव्हता.

एक आक्षेप तुमच्यापर्यंत येईल, त्याचं उत्तर तयार ठेवा. माझ्याकडे एक आई आली होती, रोजानं खुरपणीला जाणारी. म्हणाली, ‘बाई, खुरपं धरायला त्याला साळंत कशाला घालू? त्ये तर माझ्या मागं येऊन बी शिकंल.’ तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण, ही कल्पना मांडली, त्यानंतर तिच्यावरही हा आक्षेप घेतला गेलाच होता की गरिबाच्या पोराला शाळेतही हाताचंच काम. मी त्या माऊलीला बसवून तिच्या मुलाची वही दाखवली. वाफा कधी भिजवला, किती बादल्या, कोणत्या दिवशी वाफसा आला, किती ग्रॅम भेंडी निघाली, बाजारभावानं तिचे किती झाले. वाफसा ओळखायचा धडा तर त्या मुलानंच वर्गाला दिला होता: मूठभर माती दाबायची, गोळा झाला आणि बोटानं टोचल्यावर फुटला तर वाफसा आहे, चिकटून राहिला तर अजून ओल जास्त. शेतात मुकादम सांगेल ते तो करतो. इथं कधी पाणी द्यायचं ते तो ठरवतो, का ते लिहितो, आणि चुकलं तर गटाला उत्तर देतो. आईनं वही उलटीपालटी करून पाहिली. तिला वाचता येत नव्हतं, पण आकडे कळत होते. भेंडीच्या भावाचा आकडा चुकलाय असं तिनं सांगितलं, आणि तो चुकलेलाच होता.

म्हणून काम खरं हवं असं मी सारखं म्हणते. शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तिथं आणि त्यांच्याशी जोडलेल्या शाळांत आठवी ते दहावीची मुलं शेती, अभियांत्रिकी, ऊर्जा, आरोग्य यांची कामं शिकतात आणि गावाला मोबदला घेऊन सेवा देतात. गिऱ्हाईक समोर असलं की काम नीट करावंच लागतं. आपल्या प्राथमिक शाळेत गिऱ्हाईक म्हणजे शालेय पोषण आहाराची कढई. निघालेली भाजी वजन करून मदतनीस ताईंच्या हातात द्या आणि त्यांनी ‘पालक कोवळा नाही, चिरायला त्रास झाला’ असं सांगितलं तर ते मुलांनी ऐकून घ्यावं. मुलांनी शाळेत भरवलेल्या आनंद बाजारात थोडी विक्री जरूर करा, हिशेब मुलांनी लिहू द्या. पण दरमहा विक्रीचा आग्रह धरू नका. पैसा मोठा झाला की मोठी माणसं आत शिरतात आणि निर्णय मुलांच्या हातातून जातो.

कामाच्या पाळ्या लावताना डोळे उघडे ठेवा. सोडून दिलं तर कुदळ मुलांच्या हातात जाते आणि झारी, झाडू मुलींच्या. शेणखताच्या घमेल्याला कोण हात लावतं आणि कोण मागे सरतं, तेही दिसेल. पाळीचा तक्ता आठवड्याला फिरवा, सगळी कामं सगळ्यांना, आणि पहिल्या दिवशी शेणात हात तुम्ही घाला. बागकाम शिक्षा म्हणून कधीही देऊ नका. गृहपाठ केला नाही म्हणून गवत काढायला पाठवलेलं मूल त्या वाफ्यावर पुन्हा मनानं येत नाही.

सातवीच्या मुलींबाबत आणखी एक. तुम्ही सर आहात, तेव्हा शाळेतल्या बाईंशी बोलून ठेवा. एक मुलगी महिन्यातून चार दिवस दोडक्याच्या वेलाजवळ जायची नाही. ‘माझा हात लागला तर येल वाळंल’ असं तिला घरी सांगितलेलं. मी विटाळावर भाषण दिलं नाही. मी, ती आणि तिच्या दोन मैत्रिणी, एवढ्यांतच ठेवून आम्ही ठरवलं की एका वेलाला त्या चार दिवसांत तीच पाणी घालेल आणि दुसऱ्याला इतर कोणी, आणि दोन्ही वेल वहीत नोंदवायचे. दोन महिने नोंदी झाल्या. दोन्ही वेल सारखेच वाढले. घरात तिनं हे सांगितलं की नाही, मी विचारलं नाही. तिनं लोणच्याच्या बरणीला हात लावून पाहायचं ठरवलंय, एवढं मैत्रिणीकडून कळलं.

सुरक्षेचं थोडक्यात सांगते. पाचवीच्या आतल्या मुलांना टिकाव-कुदळ नको, खुरपं पुरे. अवजारं मोजून द्यावीत, मोजून घ्यावीत, आणि हे काम एका मुलाकडे महिनाभर असावं. दगडांच्या आणि पाल्याच्या ढिगात विंचू असतात, ढीग आधी काठीनं हलवायचा. धनुर्वाताच्या लशीची नोंद आरोग्य पथकाकडून पाहून घ्या. कामानंतर साबणानं हात धुतल्याशिवाय जेवणाला बसायचं नाही. रासायनिक कीडनाशकाची बाटली शाळेच्या आवारात आणू नका, कोणी फुकट दिली तरी.

दिवाळीच्या सुट्टीचं नियोजन सप्टेंबरातच मुलांकडून करून घ्या. आमची पाळी पहिल्यांदा फसली ती आळसानं नाही, फाटकाची किल्ली कोणाकडे हे ठरलंच नव्हतं. पुढच्या वर्षी मुलांनी ग्रामपंचायतीला अर्ज लिहिला, तिघं जण तो घेऊन सरपंचांकडे गेले, आणि किल्ली शाळेशेजारच्या दुकानात ठेवायची परवानगी आणि पन्नास फूट पाइप घेऊन आले. शेळ्यांसाठी बाभळीच्या फांद्यांचं कुंपण लागतं, ते पालकांकडून एका रविवारी होऊन जातं.

मूल्यमापनाबद्दल विचारलंत. श्रेणीचे रकाने भरावे लागतील ते भरा. माझ्यापुरतं मी प्रत्येक मुलासाठी एक पान ठेवत असे आणि महिन्यातून दोन ओळी लिहीत असे, फक्त घडलेलं: ‘पाणी घालायला विसरला, गटाला स्वतःहून सांगितलं.’ ‘दुसऱ्याच्या वाफ्यातलं तण न सांगता काढलं.’ ‘अजून चूक झाली की शेजाऱ्याचं नाव घेते.’ वर्षाअखेरी जूनच्या आणि एप्रिलच्या ओळी शेजारी ठेवून वाचल्या की मूल कुठून कुठे आलं ते दिसतं. काहींचं काहीच बदललेलं दिसत नाही, तेही प्रामाणिकपणे लिहायचं. मुलांच्या वाफा-वहीला गुण देऊ नका. गुण आले की ती आपल्याला आवडेल ते लिहितात.

तुमच्या चार गुंठ्यांपैकी पहिल्या वर्षी अर्धा गुंठाही पुरे. बी संकरित घेऊ नका, गावरान किंवा सुधारित वाण घ्या, म्हणजे पुढच्या वर्षासाठी तेच धरता येतं. भेंडीची दोन निरोगी झाडं राखा, त्यांच्या शेंगा झाडावरच वाळून तडकायला आल्या की काढा. चार-पाच मुळे उपटूच नका, ते फुलावर येतील, कोवळ्या डिंगऱ्यांची भाजी होईल आणि उरलेल्या शेंगा वाळल्या की बी मिळेल. बी सावलीत वाळवून राखेत घोळायचं आणि कोरड्या बाटलीत भरायचं. बाटलीवर पिकाचं नाव, तारीख आणि वाफ्यातल्या चौघांची नावं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सातवीची मुलं त्या बाटल्या सहावीच्या हातात देतात, आणि या बियाण्यात काय चुकलं होतं तेही सांगून जातात.